एकशे ऐंशी दिवस

२४ जानेवारी, शनिवार

अण्णा, तुम्ही गेल्यापासून सोळा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. रोजची वही मात्र न चुकता लिहिते. त्यात तुमच्या तिथीच्या दिवशी तुमचा उल्लेख असतो, ‘आज अण्णा’ एवढाच. याबद्दल माफ करा. आज लिहिते आहे तेही आठवण आली म्हणून नव्हे. मी एक खोटं बोलले आहे आणि ते कबूल करायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही.

तुमची नात अठरा वर्षांची झाली. तुम्ही पाहिलीत तेव्हा दोनची होती, तुमच्या चष्म्याची काडी तिने मोडली होती. ती जन्मली दुबईत, शिकली दुबईत, आणि तीन ऑगस्टला पुण्याच्या कॉलेजात गेली. इथला नियम असा आहे की ज्याच्याकडे इथे राहण्याचा व्हिसा आहे तो सलग एकशे ऐंशी दिवस देशाबाहेर राहिला की व्हिसा रद्द होतो. त्यामुळे बाहेर शिकणारी इथली मुलं सहा महिन्यांच्या आत एकदा येऊन जातात. कोणी आठवडाभर राहतं, कोणी सकाळी उतरून संध्याकाळच्या विमानाने परत. आम्ही याला ‘पाय लावून जाणं’ म्हणतो. दिवाळीत आम्हीच पुण्याला गेलो, म्हणून तिचं पाय लावणं राहून गेलं. मुदत तीस तारखेला संपते.

गेल्या शनिवारी मी तिला फोन केला. ती कॉलेजच्या एकांकिकेत आहे, एकतीसला स्पर्धा आहे. मागून कोणीतरी जोरजोरात संवाद म्हणत होतं.

“मम्मा, प्लीज डोन्ट बुक. दोन दिवस तालीम चुकली की रोल दुसरीला. इथे ते क्लिअर आहे.”

“अगं, पण तीस तारीख...”

“झाला लॅप्स तर झाला. सो व्हॉट?”

तेव्हा मी म्हणाले, “एकदा गेला की गेला. परत मिळत नाही. मग आपल्याच घरी पाहुणीसारखी येशील.”

तिने विचारलं, “नेव्हर?”

“नाही.”

“ओके. बुक कर.” आणि फोन ठेवताना, “यू विन.”

मंगळवारचं तिकीट काढलं. सोमवारच्या तालमीला ती आपली भूमिका दुसऱ्या मुलीला देऊन टाकणार आहे. त्या मुलीला संवाद आधीपासून पाठ आहेत, असं तिने मला व्हॉट्सॲपवर कळवलं. पुढे काही लिहिलं नाही.

आता खोटं कुठे आहे ते सांगते. मी रास अल खोरला एका गोदामाच्या कंपनीत काम करते. दीडशे-दोनशे कामगारांचे पासपोर्ट, व्हिसा, कोणाची मुदत कधी संपते, हे सगळं माझ्या टेबलावर असतं. आमचा एक ड्रायव्हर आई आजारी म्हणून गावी गेला आणि सात महिने तिकडेच अडकला. त्याचे परतीचे कागद मीच केले. कारण दाखवून अर्ज करायचा, दंड भरायचा, परवानगी येते. नाहीच आली तर नव्या व्हिसाची फाइल उघडायची. विद्यार्थ्याचं तर त्याहून सोपं, कॉलेजचं पत्र जोडायचं. हा नियम मी झोपेतही सांगेन. बुधवारी तो ड्रायव्हर खजुरांचा डबा घेऊन आला. “मॅडम, घर में सब बोले खलास, अब तेरा वीज़ा गया. मैं बोला, मॅडम ने बोला है आ जाएगा, तो आ जाएगा.” मी डबा घेतला आणि मान खाली घालून कुठल्याशा कागदावर सही करत बसले. परक्या माणसाला मी जे फोनवर तीनदा समजावलं, ते पोटच्या मुलीला उलटं सांगितलं.

संध्याकाळी हे मी तिच्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “हो, खोटं आहे. पण कामाचं खोटं आहे. येऊ दे ना. मलाही बघायचंय तिला.” आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांच्यावर ढकलता येत नाही, बोलले मीच होते.

बारावीला तिचा एक प्रकल्प होता, अमिश मुलांवर. अमेरिकेत हे शेती करणारे ख्रिस्ती लोक आहेत. मोटारी चालवत नाहीत, घरात विजेची तार घेत नाहीत, साधे एकसारखे कपडे घालतात. त्यांची मुलं सोळा वर्षांची झाली की आईबाप काही काळ काणाडोळा करतात. मुलं जीन्स घालतात, फोन घेतात, शहरात भटकतात, आणि मग ठरवतात, शपथ घेऊन पंथात यायचं की निघून जायचं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याला टेकून मला वाचून दाखवत होती. मी म्हणाले, “बहुतेक परतच येतात ना? मग कसलं आलंय स्वातंत्र्य?” तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मम्मा, पॉइंट तो नाहीये. शपथ घेऊन मोडली तर वाळीत टाकतात. पण शपथ न घेता जो गेला, त्याला जेवायला बोलावतात. डोअर इज ओपन. म्हणून तर ते चॉइस आहे.” मग हसून म्हणाली, “आणि त्यांना बाहेर जाऊन जीन्स तरी मिळते. मी पुण्याला जाऊन काय बंड करू, वरणभात खाऊ?” आम्ही दोघी हसलो होतो. पण पुढे ती जे बोलली ते मी त्या दिवशीच्या वहीत लिहिलंय: “त्यांना दोन बाजू असतात. इथे आपण व्हिसावर. तिथे मला सगळे विचारणार, तू कुठली? आय डोन्ट हॅव अ साइड.”

तिच्याकडे एकच दार होतं, आणि ते बंद होणार असं मी तिला सांगितलं.

आता तुमच्याबद्दल. तो दिवस अजून समोर दिसतो: मी एकवीस वर्षांची आहे, भूगोलाची पदवी हातात आहे, आणि हैदराबादला नकाशे काढण्याच्या प्रशिक्षणासाठी मला बोलावणं आलंय. तुम्ही पोस्टमास्तर, सगळ्या गावाची पत्रं तुमच्या हातातून जायची. ते पाकीट तुम्ही दाबून ठेवलं असतं तर मला कधी कळलं नसतं. तुम्ही दुपारच्या सुट्टीत स्वतः घरी आलात, मी भाजी निवडत होते, शेजारी पाकीट ठेवलंत आणि म्हणालात, “वाच.” मी वाचलं. तुम्ही उभ्यानेच पाणी प्यालात आणि म्हणालात, “जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण मग हे घर आपलं धरू नकोस.” तांब्या जागेवर ठेवून परत ऑफिसला गेलात. मी गेले नाही. दीड वर्षाने लग्न झालं आणि नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी आमचं आयुष्य कोणीतरी नव्याने मंजूर करतं. नोकरी गेली तर थोड्या दिवसांत गाशा गुंडाळायचा. चौदाव्या मजल्यावरच्या या खिडक्या वीतभर उघडतात, त्याहून जास्त नाही. याची मला सवय झाली आहे, आणि सवय झाली याचीच अलीकडे भीती वाटते.

तुम्ही ते खरंच मनापासून म्हणाला होतात का, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. पाकीट लपवायला ज्याचं मन धजलं नाही, त्याने मुलीला दारातून परत पाठवलं असतं? आठवड्याने मी रडत आले असते तर तुम्ही काय केलं असतं? मी सुट्टीला यायची तेव्हा तुम्ही स्टँडवर तासभर आधी येऊन बसायचात, म्हणून मला वाटतं, तुम्ही नुसती भीती घातली होती. पण हे माझ्या सोयीचं उत्तर आहे का, तेही कळत नाही. विचारायची संधी तुम्ही हॉस्पिटलात असताना होती. मी उशाशी बसून मोसंबी सोलत राहिले.

इतकी वर्षं मी कोणालाही सांगते की वडिलांनी जाऊ दिलं नाही. नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं. ती तर तुम्हाला त्याच एका गोष्टीने ओळखते. आज हे लिहिताना दिसतंय की ते पाकीट वाचलं तेव्हाच माझे हात गार पडले होते, तुम्ही बोलायच्या आधी. अनोळखी शहर, अनोळखी भाषा, एकटीने राहायचं. तुमच्या वाक्याने माझा नकार द्यायचा त्रास वाचला. जायची हिंमत मला नव्हती, अण्णा. पोरीला आहे. आणि ती आपणहोऊन येणार नाही या भीतीने मी तिला व्हिसाचा धाक दाखवला.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, वहीतच राहील. पत्ता नसलेली पत्रं कुठेच पोचत नाहीत, हे तुम्ही मला लहानपणी दाखवलं होतं. शिवाय तुमच्याकडे कबूल करणं सोपं आहे, तुम्ही “यू विन” म्हणणार नाही.

उद्या: सकाळी अकराला, तिकडे साडेबारा, तिला फोन करून सांगणे की व्हिसा परत मिळतो. ‘तरी ये’ म्हणायचं नाही.