‘टोल्ड’च्या पुढचा मी

करामा, दुबई
रविवार

ती. अरुणभाऊजींना सूर्यकांतचा दुबईहून वाकून नमस्कार. (वाकणं आता गुडघ्यांना विचारून होतं, पण मनाने पुरता वाकलोय असं समजावं.) ताईची शुगर उतरली का? तुमचा मोतीबिंदू निघाला, म्हणजे आता तुम्हाला चुका लांबूनही दिसणार, म्हणून अक्षर जपून काढतोय.

आधी हिशेब सांगतो. इंग्रजीतल्या एका ‘आय’ची मला पडलेली खरी किंमत: कामाचे तीन दिवस, आमच्या सौ. छायाचे दोन उपास (त्यातला एक रागाचा), ब्लडप्रेशरची नवी गोळी, आणि अबुधाबीच्या फेरीचे एकशे चाळीस दिरहम, म्हणजे आपले सव्वातीन-साडेतीन हजार. एवढं सगळं एका उभ्या रेघेपायी! तुम्ही ती फळ्यावर फुकट काढायचात, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. (नववीत तुम्ही मला नापास केलंत आणि पुढच्या वर्षी ताईशी लग्न केलंत. यातला कुठला धक्का मोठा, हे आईला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.)

झालं असं. काचा उचलणारा हमाल म्हणून मी इथे आलो, आणि आज रास अल खोरला माझं स्वतःचं काचेचं वर्कशॉप आहे, हाताखाली सात माणसं आहेत, हे तुम्ही जाणताच. अबुधाबीच्या एका मोठ्या कंपनीच्या मंजूर यादीत आपलं नाव आहे. यादीत नाव असलं की वर्षभर काम, नाव गेलं की सातही जण गावी. मागच्या महिन्यात त्यांच्या मीटिंग रूमची भलीथोरली काच पोचवली. ट्रकमधून सुखरूप उतरली, उभी केली, आणि त्यांच्याच फोर्कलिफ्टने मागे येता येता तिला कोपऱ्यात ठोकलं. साखरेचं पोतं फुटावं तशी काच खाली सांडली. बावीस वर्षांत माझ्यामुळे एक काच तडकलेली नाही, हे मी तिथल्या तिथे सगळ्यांना मोठ्याने ऐकवलं. फोर्कलिफ्ट चालवणारा अन्वरी हा कानपूरकडचा सरळ माणूस. तो खाली उतरला आणि मला म्हणाला, “सूर्याभाई, काँच मैंने तोड़ा. मैं मॅडम को बोलता हूँ.” मला एकदम भरून आलं. म्हटलं, तू प्रामाणिक आहेस, तू काही बोलू नकोस, मी बोलतो.

संध्याकाळी रिपोर्ट लिहायला बसलो. एरवी आमची ईशानी लिहून देते, पण दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती, आणि माझ्या अंगात सत्य संचारलं होतं. जे घडलं ते मराठीतून अलगद उचललं आणि तसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं:

‘अन्वरी टोल्ड मी आय ब्रोक द ग्लास. आय टोल्ड हिम यू आर ऑनेस्ट मॅन. ही टोल्ड मी आय विल टेल मॅडम. आय टोल्ड हिम यू डोन्ट टेल.’

भाऊजी, सांगा यात खोट कुठे आहे? अन्वरी मला म्हणाला, मी काच फोडली. लख्ख! ‘टोल्ड’ भूतकाळात, ‘ब्रोक’ही भूतकाळात (ब्रेकचं ब्रोक, ब्रेक्ड नव्हे, हे तुमच्या छडीमुळे अजून तळहाताला पाठ आहे). पाठवलं आणि जेवायला बसलो.

सकाळी त्यांचे कॉन्ट्रॅक्ट मॅनेजर निनाद यांचं उत्तर हजर. गृहस्थ पुण्याचे, पण इंग्रजी अशी की वाचताना आपण खुर्चीत सरळ बसतो. काच फोडल्याचं मोकळेपणाने कबूल केल्याबद्दल आभार. मात्र साक्षीदाराला गप्प बसवल्याचंही तुम्हीच लिहिता, तेव्हा तुमचं नाव यादीतून का काढू नये, याचा गुरुवारी समक्ष खुलासा करावा. मी ते ईशानीला दाखवलं. तिने माझा रिपोर्ट वाचला, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “बाबा, यू कन्फेस्ड! ट्वाइस!”

मग पोरीने मला शिकवलं. आपल्याकडे ‘म्हणाला’ आलं की म्हणणारा स्वतः पुढे येऊन बोलतो आणि आपण बाजूला सरकतो. इंग्रजीत ‘टोल्ड’नंतरही माईक लिहिणाऱ्याच्याच हातात. तिथे ‘आय’ म्हणजे फक्त सूर्यकांत, अन्वरीला ‘ही’ करावं लागतं. म्हणजे बिचाऱ्याने छाती ठोकून दिलेली कबुलीसुद्धा परक्यासारखी! (आणि ‘टोल्ड’च्या पुढे ‘मी’ आहेच की चांगला उभा. पण तो इंग्रजीतला मी म्हणजे मला. शेजारी राहून ओळख न देणारा.) मी लगेच सुधारून पाठवलं, ‘अन्वरी टोल्ड मी ही ब्रोक द ग्लास.’ निनादसाहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘हू इज ही?’ छायाचा दुसरा उपास तिथून सुरू झाला.

गुरुवारी गेलो. टेबलाच्या पलीकडे त्यांच्या मुख्य, एमान मॅडम, बाजूला निनादसाहेब, दाराशी अन्वरी. साहेबांनी माझी चार वाक्यं खणखणीत वाचली. ऐकताना मलाच माझा संशय यायला लागला. मॅडमनी हात वर केला आणि शांतपणे विचारलं की यात न कळण्यासारखं काय आहे? फोडली या अन्वरीने, आणि तसं यांना सांगितलं. मग म्हणाल्या, माझी आजी गल्लीतली सगळी भांडणं अशीच सांगायची. अरबीत ‘गाल’, म्हणजे म्हणाला, एवढं म्हणायचं आणि पुढे ज्याच्या त्याच्या तोंडाने भांडायचं. मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. “खलास!” म्हणजे विषय संपला.

बघा भाऊजी, माझी मराठी अरबी बाईला कळली आणि पुण्याला कळली नाही! बाहेर आल्यावर निनादसाहेब लाल होऊन शुद्ध मराठीत म्हणाले, “अहो, मग मला फोन करून सरळ सांगायचंत ना!” मी म्हटलं, “साहेब, तुम्ही इंग्रजीत रागावलात. मला वाटलं, मराठी चालत नसेल.” शेवटी तेही हसले. नाव यादीत कायम, काचेचे पैसे विमा देणार. अन्वरीला एक वॉर्निंग लेटर मिळालं, पण नोकरी शाबूत आहे. येताना गाडीत मी एकटाच इतका मोठ्याने गात होतो की सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याने आपली काच वर केली. छायाने रात्री तीन वाट्या आमटी प्यायली. सातही माणसं सोमवारी कामावर आहेत. आणखी काय हवं?

ताईला नमस्कार. तुमचाच, नववीतला,
सूर्यकांत

ता. क. छाया म्हणते, एवढं लांबण लावलंत, मुद्द्याचं विचारा. तर विनंती अशी की मला एक इंग्रजी वाक्य बिनचूक करून पाठवा, बुधवारच्या आत (या पत्राचा फोटो आजच फोनवर पाठवतोय). ‘टोल्ड’, ‘ही’, ‘हिम’ सगळे आपापल्या जागी हवेत, कोण कोणाला म्हणालं याची शंका राहता कामा नये. अन्वरीचं वॉर्निंग लेटर मागे घ्यावं म्हणून ते मॅडमना द्यायचंय. ईशानीला सांगवत नाही. तिच्या लेखी मी अजून मोठा माणूस आहे.

पुन्हा ता. क. वाक्य असं: फोर्कलिफ्ट मागे येत होती, तेव्हा काचेपाशी उभा राहून अन्वरीला ‘आने दे, आने दे’ म्हणणारा मीच होतो.