खिळ्यावरचा नान

कोकंद, १२ मार्च १९९६

ती. सोबीरआकांस,
महफूझाचा सलाम. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. आता खरं लिहिते. नवरोझ तोंडावर आला म्हणून ओयीच्या खोलीला चुना काढला. त्यासाठी खिळ्यावरचा तुमचा नान उतरवला. घर सोडताना एक घास चावून ठेवलात, परत येऊन संपवायचा म्हणून, तोच. इतक्या वर्षांत त्याचा दगड झाला होता. हातातून निसटला नि चुरा झाला. केरात कसा टाकणार? कबुतरांना घातला.

ओयीला आता दिसत नाही, पण आईचा जीव, रोज सकाळी भिंत चाचपून त्याला हात लावते. त्या दिवशी खिळा मोकळा लागला आणि तिचा चेहरा असा उजळला, की चुरा झाल्याचं मी सांगितलंच नाही. म्हणाली, आला ना गं आपला सोबीर? खाल्लान ना? मग लपतो कशाला, चहा टाक. तेव्हापासून दाराकडे तोंड करून बसली आहे, धड जेवतही नाही. म्हणते, अंगणात असेल, लाजत असेल, पुस्तकात नाही नाही ते लिहिलंय ना!

आका, वर कोणी नाही हे तुम्ही जुन्या राजवटीत छापलं असतंत तर छातीवर पदक लागलं असतं. तेव्हा मूग गिळून बसलात, आणि सगळं गाव पुन्हा मशिदीत जाऊ लागल्यावर तुम्हाला कंठ फुटला! तुमचं पुस्तक छापलं म्हणून होशिमचा हात मोडणारे ते दोघे अजून चायखान्यात तुमची चौकशी करतात. म्हणून परत या असं लिहीत नाही. ओयीला काय सांगू, तेवढं कळवा.

रागवा, पण बहिणीवर लोभ ठेवा.
महफूझा

रिगा, ३ एप्रिल

चि. महफूझास,
अनेक आशीर्वाद. कोणाच्या भरवशावर देता, असं विचारशील. माझ्याच.

तेव्हा हुकमावरून नास्तिक झालेले पुष्कळ होते. तेच आज नमाजाला पहिल्या रांगेत उभे असतात. मला हुकमावरून दोन्ही जमलं नाही. असो.

पिठाचा गोळा माणसाला घरी आणत नाही, असं मीच पुस्तकात त्या खिळ्याबद्दल पानभर लिहिलंय. आज दुसरं काही सुचत नाही. ताजा नान घे, घास चाव, टांग. तिला सांग, सोबीर आला तेव्हा तू झोपली होतीस, घाईत पुन्हा गेला. वाट पाहील तोवर जेवेल तरी.

माझ्या वाटची माया तिला दे.
सोबीर

कोकंद, २८ एप्रिल

ती. आकांस, सलाम.

सांगितलंत तसं केलं. ओयीने घासाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हसली. म्हणाली, खोटं बोलायचं तर दात तरी त्याचे आणायचेस. त्याच्या पुढच्या दातांत फट आहे. मग भिंतीकडे तोंड केलं. चहासुद्धा घेत नाही. मी काय करू, आका?

महफूझा

रिगा, १९ मे

चि. महफूझास, आशीर्वाद.

सोबतच्या पुडक्यात पाव आहे. इथला काळा, राय नावाच्या धान्याचा. आपला नान मिळाला नाही. फट नीट उमटावी म्हणून आधीचे दोन वाया गेले. पोचेपर्यंत दगड होईल, बरंच आहे, खूण टिकेल. तिच्या बोटाखाली दे. वेळेत पोचावा म्हणून रात्रंदिवस मी काय पुटपुटतो ते लिहीत नाही, तू हसशील.

सोबीर

कोकंद, ११ जून

ती. आकांस,

नाही हसले.

पुडकं आज पोचलं. ओयी मागच्या गुरुवारी गेली. पाव तिच्या खोलीत खिळ्यावर टांगला आहे. फटीवरून मी बोट फिरवून पाहिलं, तुमचीच आहे.

उरलेला येऊन संपवा.

तुमची महफूझा