पट्टीवरची पट्टी

प्रिय धाकट्या,

जिंकलास बाबा! हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू घाईघाईने उड्या मारत वाचणार नाहीस. तुझी पांढरी भुकटी काम करते. नुसती करत नाही, झकास करते. आज सकाळी प्रयोगशाळेतून शेवटचे अहवाल आले. बारा जखमांपैकी दहांमध्ये तो हट्टी जंतू औषधालासुद्धा सापडला नाही. आमच्या मुख्य डॉक्टरांना कितीही आनंद झाला तरी ते फक्त चष्मा पुसतात, त्यांनी आज दोनदा पुसला. मी मात्र औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले. बत्तीस वर्षांत वॉर्डात मला कुणी रडताना पाहिलेलं नाही, ते आता कशाला दाखवा.

तू म्हणशील, कसला प्रयोग, कुणी केला, आणि मला कसा पत्ता नाही? सांगते. दोन वर्षांपूर्वी तुझा प्रयोग बंद पडला तेव्हा त्या भुकटीच्या तुझ्या पट्ट्यांची तीन खोकी माझ्या कपाटातच राहिली होती, काळ्या पाकिटांत सीलबंद. तू रंगाच्या कारखान्यात नोकरी धरलीस आणि ज्या भुकटीने जखमा बऱ्या करणार होतास तीच भिंतींच्या पांढऱ्या रंगात मिसळायला लागलास. दर रविवारी फोन करतोस, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतोस, पण वॉर्डाचं नाव काढत नाहीस. मीही काढत नाही. दोघंही भावंडं मोठी शहाणी!

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तू मला किती जीव तोडून समजावलं होतंस. धातूच्या ऑक्साइडचे कण, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर मावतील. निळा उजेड पडला की ते जागे होतात, आजूबाजूच्या ऑक्सिजनला खवळवतात आणि तो जंतूंचं कवच फोडतो. औषधांना न जुमानणारे जंतूही त्यातून सुटत नाहीत. उजेड नसेल तर मात्र ती नुसती पिठी. मी मान डोलावली. मला वाटलं, मला कळलं. पट्टी लावायची आणि दिवसातून दोनदा वीस मिनिटं निळा दिवा, एवढंच तर होतं. आणि माझा नियम तुला ठाऊकच आहे, जखमांच्या वॉर्डात बाहेरचं माणूस येणार नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. तू दाराच्या काचेतून डोकवायचास आणि मी पडदा ओढायचे. त्या वेळी बारांपैकी अकरा जखमा होत्या तशाच राहिल्या. पायाला जखम असलेला एकटा एक शिंपी बरा झाला, तर सगळ्यांनी त्याला नशीब म्हटलं.

हाच शिंपी मागच्या वर्षी नव्या नर्सच्या ॲप्रनची मापं घ्यायला आला. पाय ठणठणीत, दिवसभर शिलाई मशीन मारतो. टेप गळ्यात अडकवून जरा घुटमळला आणि म्हणाला, सिस्टर, रागावणार नसाल तर एक सांगतो, तुमच्या त्या वरच्या जाड पट्टीने मला फार खाज सुटायची. मी दिवा लावून पाठ फिरवली की हा गृहस्थ ती सोडून ठेवायचा, आणि मी परत यायच्या आत होती तशी बांधून टाकायचा. तीच घडी, तीच गाठ! माझी एवढी धास्ती घेतली होती त्याने. शिंप्याचा हात तो, मला एकदाही संशय आला नाही.

वरची जाड पट्टी! तुझ्या पातळ, आरपार दिसणाऱ्या पट्टीवर मी कापूस आणि गॉजची घडी ठेवून वर तीन वेढे देत होते. उघडी जखम बघवत नाही रे मला, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हेच अंगात मुरलंय. आणि आमच्याकडे शेकाचा दिवा असतो, त्याची ऊब कापडातून खाली पोचते. तुझाही दिवाच, तोही पोचेल, असं मी धरून चालले. ऊब पोचते पण उजेड पोचत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. महिनाभर मी निळ्या दिव्याने कापूस उजळत बसले होते आणि वर म्हणत होते की भुकटीतच दम नाही. नाचता येईना, अंगण वाकडं.

दुसऱ्या दिवशी मुख्य डॉक्टरांपुढे उभी राहून सगळं कबूल केलं. ओरडायचं सोडून त्यांनी विचारलं, पट्ट्या शिल्लक आहेत का? प्रयोगशाळेने त्या तपासल्या, भुकटीला काहीही झालं नव्हतं. इस्पितळाच्या समितीची परवानगी यायला चार महिने लागले. तुला कळवलं नाही, कारण तू पुन्हा तोंडघशी पडला असतास तर मला ते सोसलं नसतं. या खेपेला मी सगळं गॉज कपाटात कोंडलं आणि किल्ली दुसऱ्या नर्सच्या हवाली केली. हात नुसते शिवशिवायचे. पाच नंबरच्या खाटेवर बस चालवणाऱ्या एक बाई होत्या. उजव्या पायाची दोन बोटं काढायची ठरली होती, सर्जननी शाईने रेघही मारून ठेवली होती. ब्रेक दाबायचा तो हाच पाय, म्हणून बाई भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. अठराव्या दिवशी जखमेच्या कडा गुलाबी दिसल्या. पाचव्या आठवड्यात बाईंनी स्वतः साबण मागून घेतला, ती रेघ खसाखसा घासून काढली आणि स्वतःच्या चपला घालून चालत घरी गेल्या. जिन्यावरून जाताना शिट्टी वाजवत होत्या! वॉर्डात शिट्टी वाजवायला बंदी आहे. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

पहिल्या खेपेच्या त्या अकरांपैकी दोघांची पायाची बोटं नंतर कापावी लागली, हेही तुला सांगायलाच हवं. मी दोघांच्या घरी जाऊन आले, चूक माझी होती म्हणून सांगितलं. एकाने चहा पाजला. दुसऱ्याने दारातच अर्धा तास झापलं. खरं सांगू, त्या झापण्यानेच मला जरा हलकं वाटलं.

आणि आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं ते लिहिते. तुला वाटतं, जंतूंच्या आकड्यांमुळे तुझा प्रयोग बंद पडला. तसं नव्हतं. मुख्य डॉक्टर तुला दुसरी संधी द्यायला तयार होते, त्यांनी फक्त माझं मत विचारलं. समितीत उठून नको म्हणाले ती मी. भावाची बाजू घेते असं कुणी म्हणू नये, म्हणून मी म्हणाले की सगळं सूचनेबरहुकूम झालंय, भुकटी कुचकामी आहे, माझे पेशंट कुणाच्या हौसेसाठी नाहीत. माझा ताठा सांभाळायला मी तुझा बळी दिला, धाकट्या, आणि दोन वर्षं तुझ्याकडून गुडघ्यांची चौकशी करून घेतली. फोनवर सांगितलं असतं तर तू जाऊ दे गं ताई म्हणून मोकळा झाला असतास, आणि मला एवढ्या स्वस्तात सुटायचं नाही. नव्या अहवालावर पहिलं नाव तुझं आहे. आधीच्या अपयशाचं कारण या रकान्यात मी माझी चूक लिहून खाली सही केली आहे. सोमवारी दहा वाजता समिती बसते आहे आणि त्यांना तू हवा आहेस, तुझ्या पट्ट्या पूर्ण वॉर्डात सुरू करायला. रागावलास तर रागावूनच ये, सगळ्यांसमोर मला वाट्टेल ते बोल. पण ये.

तुझीच,
ताई