काजवा हाताने काय म्हणाला?

प्रिय रूपालीचे पप्पा,

तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. तुम्ही होता तेव्हा लिहायची वेळच आली नाही, समोरच तर असायचात. पण परवाच्या रविवारी मी तुमच्या मंडळींबरोबर तो नवा पिक्चर बघितला. ज्याची तुम्ही वाट बघत होता तोच, दोन वेगवेगळ्या मालिकांमधले हिरो एकत्र आणणारा. तिथे मला एक गोष्ट कळली. म्हणजे अर्धी कळली. उरलेली अर्धी तुमच्याशिवाय कुणाला विचारता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

घाबरू नका, रडत बसलेली नाही. मला फक्त विचारायचंय.

एक कोडं मला पहिल्यापासून होतं. सुरतेच्या कापड कारखान्यात, तुमच्या भाषेत खात्यात, दिवसभर लूमवर उभा राहिलेला माणूस घरी येतो, हातपाय धुतो आणि जपानी हेल्मेटवाल्यांच्या मारामाऱ्या बघत बसतो! का? रूपाली लहान होती तेव्हा केबलवर ती मालिका हिंदीत लागायची. तुम्ही म्हणायचात, पोरीसाठी लावतो. पोरगी मोठी झाली, लग्न होऊन नंदुरबारला गेली, तरी तुमचं बघणं काही सुटलं नाही. हातात फोन आल्यावर तर थेट जपानीच. तेही आवाज बंद करून!

"आवाज तरी लावा," मी म्हणायचे.

"लावून काय करू? जपानी मला येत नाही आणि कानांनी धड ऐकू येत नाही."

"आणि तोंडावर मुखवटा. मग कळतं काय तुम्हाला, डोंबल?"

"हातावरून कळतं. आम्ही खात्यात बोलतो तसंच बोलतात ते."

मला वाटायचं, थट्टा करताय. लूमच्या खडखडाटात शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू जात नाही, म्हणून तुम्ही सगळे हाताने बोलता, हे मला ऐकून माहीत होतं. पण मी खात्याच्या आत कधी आले? डबा द्यायला आले तरी दारापर्यंत. त्या खुणा तुम्ही मला कधी शिकवल्या नाहीत. का हो? घरात किती कामाला आल्या असत्या! पाहुणे बसलेले असताना चहा ठेवू की नको, एवढं तरी लांबून विचारता आलं असतं.

तुम्ही मला गोष्टी मात्र सांगायचात. मी साड्यांना टिकल्या लावत बसायचे आणि तुम्ही सांगायचात, आज काजव्याने काय केलं, आज लाल्या कसा रुसला. ही नावं तुमचीच. खरी जपानी नावं तुमच्या जिभेवर बसायची नाहीत. एकाच्या मुखवट्याचे डोळे पेटायचे, म्हणून तो काजवा. दुसरा लाल, म्हणून लाल्या. मी ऐकत नाही असं तुम्हाला वाटायचं ना? सगळं ऐकत होते.

आणि ते भांडण! मालिकेच्या शेवटी काजवा पडक्या भिंतीखाली सापडतो, एक हात दगडाखाली, दुसऱ्या हाताने लाल्याला काहीतरी खूण करतो आणि मग त्याच्या डोळ्यांतला उजेड जातो. ही मालिका बघणाऱ्या तुमच्या ग्रुपमधले सगळे म्हणाले, मेला. तुम्ही एकटे म्हणालात, नाही. त्या दिवशी भेस्तानहून, तुमचा ग्रुप जमतो त्या नीलेशच्या खोलीवरून, तणतणत घरी आलात.

"ती कतारगामची हेतल म्हणते, मेला. शिकलेली पोरगी, दिसत नाही का तिला?"

"अहो, डोळे विझले म्हणता ना तुम्ही? मग मेलाच की तो."

"तो मरना नही वं! येणार शे तो!"

राग आला की तुमची अहिराणी सुटायची. मी हसले, तुम्ही आणखी चिडलात आणि जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. तेव्हा तुमचा खोकला सुरू झालेला होता. मी त्याला साधा खोकला समजत होते. तुम्ही काय समजत होता?

नंतर नव्या पिक्चरची जाहिरात आली आणि त्यात काजवा उभा! तुम्ही फोन घेऊन घरभर फिरलात. ग्रुपवर पुन्हा जुंपली. एक म्हणे, हा दुसऱ्याच जगातला काजवा आहे. दुसरा म्हणे, ही मरायच्या आधीची गोष्ट असेल. हेतलचं म्हणणं, असे पिक्चर तिकिटं विकायला काढतात, मेलेल्यांना उठवतात, मूळ गोष्टीत ते धरायचेच नसतात. हे सगळं मी आता वाचलं. तुमचा फोन माझ्याकडे असतो. वाचायला मी शिकले ती साड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर येणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांवर, तेव्हा या पोरांची हिंदी मला जड नाही. जड जातात त्यांची ती पिवळ्या तोंडांची चित्रं. हसतायत की रडतायत, कळत नाही.

तुम्ही गेल्यावर हेतल भेटायला आली होती, आठवड्याच्या आत. बिचारी बसली, पाणी प्यायली आणि एकदम म्हणाली, "काकी, एक पूछूँ? काका को इतना पक्का कैसे मालूम था कि वो आएगा?" लगेच जीभ चावली. तिला वाटलं, मला वाईट वाटेल. मला बरं वाटलं हो! बाकीचे सगळे विचारत होते, आता मी इथे राहणार की गावी जाणार. तुमच्याविषयी कुणी काही विचारलं असेल, तर ते तिने.

मलाही माहीत नव्हतं.

म्हणून त्या मंडळींनी पिक्चर बघायला बोलावलं तेव्हा गेले. तुमच्या शेजारच्या लूमवरचे सुकलाल भाऊजी रिक्षाने सोडायला आले आणि मी खायला गरम लोचो आहे म्हटल्यावर थांबले. नीलेशची खोली भरतकामाच्या दुकानावर आहे, हे तुम्ही सांगितलं होतं. जिना इतका अरुंद आहे हे नव्हतं सांगितलं. धापा टाकत कसे चढायचात तुम्ही तिथे?

नीलेश वर्ध्याकडचा, मोठा बोलका. म्हणाला, "काकू, तुम्ही पुढे बसा. ही काकांची जागा. काकांचा नियम होता, लढाई चालू असताना कुणी लोचो खायचा नाही."

"घरी तर ते स्वतः खात बसायचे," मी म्हटलं.

"देखा!" हेतल ओरडली. "मैं बोलती थी ना?"

मला समजावं म्हणून त्यांनी आधी जुन्या मालिकेचा शेवट लावला. खाली हिंदी अक्षरं येत होती, मी वाचत होते. काजवा भिंतीखाली. मोकळा हात वर आला. तळहात छातीवर ठेवला. मग बोट लाल्याकडे. मग तेच बोट हवेत गोल फिरवलं. त्या जागी खाली एकही अक्षर आलं नाही. जपानीतही तिथे कुणी काही बोललं नव्हतं.

मी म्हटलं, "थांबव. परत दाखव."

नीलेशने परत दाखवलं. मी म्हटलं, "परत."

का, ते कळलं ना तुम्हाला? हॉस्पिटलात, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, तुम्ही हेच केलं होतं. हात छातीवर. बोट माझ्याकडे. मग बोट गोल. मला वाटलं, पंखा! मी उठून पंखा वाढवून आले.

सुकलाल भाऊजी मागे भिंतीला टेकून पेंगत होते. त्यांना हलवलं. म्हटलं, "भाऊजी, याचा अर्थ काय?"

त्यांनी डोळे चोळत पडद्याकडे बघितलं. "हे कोण? आपल्या खात्यातलं आहे का?"

सगळे हसले. ते म्हणाले, "अहो वहिनी, सोपं आहे. माझ्या लूमवर तू नजर ठेव, मी फिरून येतो. चहाला जाताना करतो आम्ही असं."

खोलीत एकदम कालवा झाला. हेतल उठून उभीच राहिली. "इसलिए! काका इसलिए बोलते थे आएगा! लेकिन बोले क्यों नहीं, ये लूम का इशारा है?"

का नाही बोललात? मला वाटतं, मला माहीत आहे. तुम्हाला वाटलं, ही खूण अख्ख्या जगाला येते. सुरतेतल्या खात्यात जी चालते ती जपानात चालणारच! ज्यांना दिसत नाही ते मुद्दाम बघत नाहीत, असं धरून तुम्ही त्यांच्याशी भांडत राहिलात. काय म्हणावं तुम्हाला? कुठला जपान, कुठली भेस्तानची लूम!

पण गोष्ट तिथे संपली नाही. सुकलाल भाऊजींनी पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "थांबा बरं. पाळी सुटताना पण हेच करतो. माझं झालं, आता लूम तुझी. पण त्यात शेवटी दोन्ही हात झटकायचे असतात. असे."

"इसका तो एक हाथ दबा है," हेतल म्हणाली.

"मग कसं सांगू? एका हाताने कसं झटकेल तो?"

तुमचाही एक हात बांधलेला होता. सलाईनची सुई निघू नये म्हणून नर्सने पट्टीला बांधून ठेवला होता.

मी विचारलं, "भाऊजी, हात बांधलेला असला, तर कसं ओळखायचं?"

आता त्यांना समजलं असावं मी काय विचारतेय. ते भिंतीपासून सरळ झाले. मग सावकाश म्हणाले, "चहाला जाणारा थांबत नाही वहिनी. खूण करतो आणि पाठ फिरवतो. लूम सोपवणारा थांबतो. समोरच्याने मान हलवेपर्यंत जात नाही."

नीलेशने न सांगता मागे नेऊन परत लावलं. काजवा खूण करून लाल्याकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. लाल्याने मान हलवली, तेव्हा डोळ्यांतला उजेड गेला.

मी पंखा वाढवून परत आले तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होता. मी विचारलं, आता बरं वाटतंय ना? आणि मान हलवली. तुम्ही डोळे मिटले. मला वाटलं, गार वाऱ्याने झोप लागली.

म्हणजे मी हो म्हटलं होतं? मला ठाऊक नसताना? आणि कशाला हो म्हटलं मी? आपल्या घरात लूम नव्हती, शेत नव्हतं. रूपाली तिच्या घरी. मग माझ्याकडे काय सोपवून गेलात? की खरंच पंखाच हवा होता? तुम्हाला उकडायचंही फार! हसू नका. रविवारपासून मी टिकल्या लावताना हाच विचार करतेय आणि दोनदा चुकीच्या जागी टिकली लावून बसले.

आणखी एक. इतकी वर्षं लूम चालवलेल्या माणसाला, काजवा थांबलाय, हे दिसलं नाही? चहाला जाणारा थांबत नाही, हे सुकलाल भाऊजींना माहीत आणि तुम्हाला नाही? दिसलं असणार तुम्हाला. खोकला होता, डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं. म्हणून तर नाही ना सगळ्या ग्रुपशी भांडत होता, तो येणार, येणार म्हणून? मला तसं सांगितलं असतंत, तर मी हसले नसते. त्या दिवशी तुमच्याबरोबर मीही म्हटलं असतं, येणार.

मग त्यांनी नवा पिक्चर लावला. खरं सांगते, मजा आली. दोन्ही मालिकांची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, आधी आपसांत मारामारी करतात आणि मग बरोबर लढतात. आपल्याकडच्या लग्नासारखंच! काजवा आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. नीलेश म्हणाला, "काकू, काका जिंकले!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुमच्या जागेवर बसले होते ना मी. माझं काय म्हणणं, ते त्यांना हवं होतं.

हो म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण मी नीट बघत होते. काजवा आला, उड्या मारल्या, दोन विनोद केले आणि गेला. लाल्याला त्याने एकदाही विचारलं नाही, माझ्यामागे तू काय केलंस, कसं चाललंय. मी म्हटलं, "नाही. हा तो नाही. आपली माणसं ज्याच्या हवाली करून गेला, त्याला येऊन एक शब्द विचारत नाही? हा कुणी पाहुणा आणलाय. आपला काजवा गेला तो गेलाच."

मग हेतल माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "हूँ तो कहेती ज हती, काकी. आ तो गणाय ज नहीं." म्हणजे ती आधीपासून म्हणतच होती, हा पिक्चर धरायचाच नाही. मी म्हटलं, "पण तू सांगत होतीस त्या कारणासाठी नाही हं." तर माझ्याशीच भांडायला लागली! सुकलाल भाऊजी परतीची रिक्षा थांबवून, भाडं वाढतंय म्हणून खालून हाका मारत होते, तरी आमचं संपेना.

तर असं झालं. तुमच्या जागेवर बसून मी तुमच्या विरुद्ध बोलले. रागावलात?

त्या मंडळींनी मला दर रविवारी या म्हटलंय. ती सगळी मालिका पहिल्या भागापासून लावा, असं मी सांगितलंय. आधी आवाज बंद करून बघणार, तुमच्यासारखी, मग अक्षरं वाचत. माझ्याकडे काय सोपवलंत ते अजून मला समजलेलं नाही. पण मान हलवली आहे, ती आता काही मागे घेता येत नाही.

एक शब्द देते. तुमचं बरोबर असेल तिथे मी त्या खोलीत सगळ्यांशी भांडेन, एकटी पडले तरी. आणि तुमचं चुकलं असेल तिथे तोंडावर चुकलं म्हणेन. गेलात म्हणून सूट देणार नाही.

तुमची,
मंगल