पिंपामागची देवी

तीर्थरूप आईस, मान खाली घातलेल्या धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

काल इथल्या खोदकामात चार हजार वर्षांपूर्वीच्या घरात मातीची वीतभर देवी सापडली. साहेब म्हणाले, "ही माती इथली नाही. ही माणसं कित्येक महिने चालत आली, तीही तिला घेऊन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू दिलेली देवी मी आणलीच नाही गं. बॅगेत नवे बूट मावेनात, म्हणून तिला गुपचूप धान्याच्या पिंपामागे ठेवलं. 'रोज दिवा लावतो' असं दर पत्रात लिहायचो, ते सगळं खोटं.

दोन वर्षं ती तुझ्याच घरात अंधारात बसलीय. मला नंतर बोल. आधी तिच्या तोंडावरची धूळ पूस.

तुझा खोटारडा लेक