नाटकातली सासू

धुळे,
संक्रांतीनंतरचा गुरुवार, १९८८

ती. आईंच्या पायांवर डोकं ठेवते. नानांनाही नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. ह्यांचा खोकला आता बराच कमी आहे, काळजी करू नका. तुमचे गुडघे कसे आहेत?

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायका नाटक करणार आहेत. मी मॅट्रिक, म्हणून लिहायचं माझ्याकडे आलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, सासू खाष्टच हवी, कमरेला किल्ल्या, भाकऱ्या मोजणारी. मी तशीच लिहायला बसले. सून उपाशीपोटी भांडी घासतेय, इथवर आले आणि सासूच्या तोंडून निघालं, "आधी खाई ले व माय, काम काय पळी जास?"

तुमचंच बोलणं. पुरुषांची पंगत बसण्याआधी माझी भाकरी टोपल्याखाली झाकून ठेवायचात ना? नाना, तुम्हीच वाचून दाखवताय, तर आज तुम्हालाही कळलं.

तालमीत शेजारच्या प्रमिलाबाई म्हणाल्या, "अहो, ही कसली सासू? मला तर किल्ल्यांवालीच मिळाली." मग थांबून म्हणाल्या, "राहू द्या हीच. निदान नाटकात तरी मिळू दे."

सुनेने सासूला नाटकात नाचवलं, असं कोणी तिकडे सांगितलं तर मनाला लावून घेऊ नका. रोज देवापुढे दिवा लावताना तुमच्यासाठीही हात जोडते.

बाकीच्या पात्रांना नावं दिली. ह्या बाईपुढे अजून नुसतं 'सासू' लिहिलंय. तुमचं नाव कधी तोंडी घेतलं नाही, ते लिहू का? उत्तराचं पत्र नको. भडगावहून सकाळची एस.टी. धरून तुम्हीच या आणि सांगा.

तुमची सून,
यमुना