उसने डोळे

गुरुवार, २ जानेवारी २०२५, शहापूर

नोकरी लागली. किशोरदादांनी परीक्षा घेतली ती कॅमेऱ्याची नाही, शुद्धलेखनाची. कागद पुढे सरकवून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, तुझ्या आधीच्याने अर्ध्या तालुक्याला चुकीची श्रद्धांजली वाहिली, तू उद्यापासून ये.

स्टुडिओ बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर आहे. मागच्या खोलीत माझी राहायची सोय केली आहे. खोलीला डाव्या हाताला एकच खिडकी. सकाळी आठ ते दहा तिच्यातून इतका मऊ उजेड येतो की साधा तांब्याही फोटो काढण्यासारखा दिसतो. धसईला आमच्या घरात असा उजेड नव्हता. आईला फोन केला. ती म्हणाली, वेळेवर जेव आणि लोकांच्या चुका काढत बसू नको.

ही वही नवी आहे. माझी अकरावी अर्धी सुटली, लिहायची सवय सुटली नाही. काढलेल्या प्रत्येक फोटोचे आकडे यात लिहीन.

रविवार, ५ जानेवारी

किशोरदादांनी मला 'भातसाकाठ छायाचित्र मंडळ' या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. एकतीस जण, सगळे हौशी. पंकज वाशिंदच्या कारखान्यात फिटर आहे, सरिताताई दवाखान्यात नर्स आहेत. दर सोमवारी एक विषय. फोटोखाली लेन्स, ॲपर्चर, शटर आणि आयएसओ लिहायचंच. 'मस्त', 'छान' आणि अंगठा यांना बंदी. चूक दाखवायची, नाहीतर गप्प बसायचं. मला हे फार आवडलं.

उद्याचा विषय आहे स्वतःचा फोटो. मी खिडकीशी बसून टायमरवर काढला. पन्नासची लेन्स, अंतर चार फूट, ॲपर्चर २.८.

मंगळवार, ७ जानेवारी

पंकजने लिहिलं, डोळे एकदम शार्प, बाकी आधार कार्ड. सगळे हसले. मीही हसलो. डोळ्यांवर फोकस बरोबर बसला आहे, हे किशोरदादांनीही मान्य केलं.

रविवार, १२ जानेवारी

मंडळाची फेरी सापगावला गेली. आठ जण होतो. नदीवर बगळे आणि म्हशी होत्या, त्यावर सगळे तुटून पडले. मी गावात शिरलो.

एका घराच्या ओट्यावर एक म्हातारे बसले होते. नाव यमाजी. रस्त्याने कोण येतं, कोण जातं, हे ते मान न हलवता बघत होते. फोटो काढू का विचारलं, तर म्हणाले, एकच काढ. उजेड डावीकडून येत होता, अगदी माझ्या खिडकीसारखा. पन्नासची लेन्स, अंतर चार फूट, ॲपर्चर २.८, शटर १/२५०, आयएसओ २००. एकच काढला आणि नेमके त्यांचे डोळे मिटले.

त्यांची बायको जनाबाई पाणी घेऊन आली होती. तिने स्क्रीनवर वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगोबाय, मिटले की. यांचा दिवसा डोळा मिटलेला मी नाय बघितला कधी." आणि हसली. यमाजींनी आवाज न चढवता तिला विचारलं, कोणाकडे बघून हसतेस. ती तांब्या तिथेच ठेवून आत गेली.

सोमवार, १३ जानेवारी

यमाजींचा फोटो ग्रुपवर टाकला. सरिताताईंना हातांवरचा उजेड आवडला. पंकजने लिहिलं, म्हातारा झोपलाय का गेलाय तेवढं खाली लिही. किशोरदादांनी त्याला ताकीद दिली.

सोमवार, २० जानेवारी

यमाजी शुक्रवारी गेले. ओट्यावर बसल्याबसल्या.

आज त्यांचा मुलगा भरत आला होता, सोबत जनाबाई. यमाजींचा धड फोटो एकच आहे, मी काढलेला. भरतला तो दहाव्याला भिंतीवर लावायचा आहे, मोठा, फ्रेमसकट आणि डोळे उघडे. जनाबाई मध्येच म्हणाल्या, आहे तसाच दे. भरत म्हणाला, "आई, तू गप गं जरा. मिटल्या डोळ्यांचा फोटो कोण लावतं?" किशोरदादाही हसून म्हणाले, मावशी, डोळे उघडून देणं हे आमचं रोजचं काम आहे.

दोघं जिना उतरले. मग जनाबाई एकट्याच परत वर आल्या. मला म्हणाल्या, "मिटलेलेच राहू दे, बाबा. पाया पडते तुझ्या."

मी म्हणालो, बघतो.

बुधवार, २२ जानेवारी

किशोरदादांच्या संगणकावर 'डोळे' नावाचा फोल्डर आहे. गेल्या अकरा वर्षांत पासपोर्ट फोटोंमधून काढलेल्या डोळ्यांच्या जोड्या, वयाप्रमाणे लावलेल्या. मेलेल्याचे डोळे मिटलेले असतील तर त्यातली जोडी बसवायची. मी एकोणीस जोड्या लावून बघितल्या. एकही बसेना. सगळ्यांच्या बुबुळात फ्लॅशचा ठिपका, आणि यमाजींवरचा उजेड खिडकीसारखा.

मग माझा स्वतःचा फोटो आठवला. तीच लेन्स, तेच अंतर, तोच डावीकडचा उजेड. पांढरं थोडं पिवळं केलं, पापणी ओढली. पहिल्याच वेळी बसले.

जनाबाईंची विनंती किशोरदादांना सांगितली नाही. मिटलेले डोळे म्हणजे चुकलेला फोटो. चुकलेला फोटो मी हातातून जाऊ देत नाही.

रविवार, २६ जानेवारी

आज दहावा. फ्रेम भिंतीवर लागली, भरतचा फोन आला. नातेवाईक म्हणत होते, यमाजी जिवंत बसल्यासारखे वाटतात.

आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो ग्रुपवर टाकले. नियम मोडून चौदा अंगठे आले. फक्त पंकजने ओळखलं. त्याने लिहिलं, संद्या, हे तर तुझे डोळे भाई. टाइमवर परत मागून घे, नायतर उद्या फोकस कशाने करशील.

बुधवार, २९ जानेवारी

कॅमेऱ्यातून बघताना दोन्ही कडांना केशरी पट्टी दिसते. वरून खाली, वाकडी. ग्रुपवर विचारलं. एक म्हणाला लेन्सला बुरशी आहे, दुसरा म्हणाला हूड लाव, तिसऱ्याने सेन्सर पुसायला सांगितलं. सगळं केलं. लेन्स बदलली. पट्टी तशीच. काढलेल्या फोटोत मात्र ती येत नाही.

पंकज म्हणाला, मग बुरशी तुझ्या डोळ्यात आहे.

शनिवार, १ फेब्रुवारी

आता कॅमेरा न लावताही दिसते. पट्टी केशरी राहिली नाही, तपकिरी झाली आहे, कडेने सुकत आल्यासारखी.

डोळे मिटले की ती जास्त स्पष्ट दिसते. पाकळ्या मोजता येतात.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज सकाळी पट्टी पुन्हा केशरी झाली. कोणीतरी हार बदलला.

डोळे मिटून बसलो. खाली एक खोली आहे. मी उंचावरून बघतो आहे. लोखंडी कॉट, पाण्याची टाकी, कोपऱ्यात तांदळाचं पिंप. बाजूला विजेचा लाल दिवा लुकलुकतो. जनाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी वर बघितलं, थेट माझ्याकडे. मग डोक्यावर पदर घेतला आणि पाठ केली.

त्या घरात मी कधी आत गेलेलो नाही.

संगणकावरून यमाजींच्या त्या फोटोची फाईल पुसून टाकली. फरक पडला नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सरिताताईंनी स्टुडिओत माझे आठ फोटो काढले, नव्या लेन्सची चाचणी म्हणून. एकातही पापणी लवलेली नाही. ग्रुपवर पंकजने लिहिलं, सगळे उघडे, ये हुई ना बात. सरिताताई हसल्या नाहीत. डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे पडले आहेत, बाकी काही नाही. थेंब दिले.

झोप येते. पण ती खोली दिसायची थांबत नाही. त्या फोटोला पापण्या मी उघड्याच दिल्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज वही उघडली तर मधल्या पानावर हे होतं —

८.१० विहिरीवर गेली. ८.४० आली. विहीर दोन मिनिटांवर. बाकीचा वेळ कुठे होती.
११.०० दारात शेजारीण. सव्वा तास.
४.०० आरशासमोर.

पेन माझं आहे. अक्षर माझं नाही. माझं उभं असतं, हे उजवीकडे झुकलेलं.

दुपारी दादांनी हाक मारली तेव्हा मी स्टुडिओच्या पायरीवर बसलो होतो. ते म्हणाले, तासभर इथेच आहेस, मानसुद्धा हलवली नाहीस. सरिताताई दवाखान्यातून कोणाशी बोलत निघाल्या, ते मी सांगू शकलो. शर्टाचा रंगसुद्धा.

मला हे माहीत असायचं कारण नव्हतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

बँकेपाशी रस्ता ओलांडत होतो आणि एकदम अंधार झाला. नुसती ती खोली नाही, सगळंच गेलं. गाड्या, ऊन, सगळं. फक्त जवळ, अगदी नाकापुढे, कापडाची वीण. हिरवी, काठाची. जनाबाईंनी फोटोवर लुगडं टाकलं होतं.

एका माणसाने हाताला धरून कडेला बसवलं. दोन तास बसलो. मग भरतने कापड काढलं असावं, कारण तो दिसला, रागावलेला. आणि त्याच्या आरपार मला बाजारपेठ दिसली.

त्यांनी झाकलं की मी आंधळा. एवढं कळलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सापगावला गेलो. मिटल्या डोळ्यांचा मोठा फोटो छापून नेला होता, फ्रेमसकट. भरतला म्हणालो, आधीच्यात चूक राहिली आहे, बदलून देतो. तो म्हणाला, लोकं पाया पडून गेली, आता वर्षापर्यंत कोणी हात लावायचा नाय, आणि आईला तर मुळीच लावू देणार नाय, तिने परवा लुगडं टाकलं होतं त्यावर.

मी फोटोखाली उभा राहिलो. वर बघितलं. आणि भिंतीवरून मी मला खाली उभा दिसलो. केस विंचरलेले नव्हते. मला माझा राग आला. परका माणूस घरात कशाला, असं वाटलं.

जनाबाई पुलापर्यंत सोबत आल्या. चालताना बोलल्या, न थांबता. एक्केचाळीस वर्षं तो ओट्यावरून बघत होता. गेल्यावर दहा दिवस त्यांनी विहिरीवर मनासारख्या गप्पा मारल्या. दहा दिवस. मग फोटो आला. "डोळे त्याचे नाय, हे पहिल्या दिवशीच कळलं मला. पण बघतो तोच."

मी सगळं सांगितलं. कोणाचे डोळे, ते पण. मग म्हणालो, फोटो नदीत सोडा. देवाच्या जुन्या तसबिरी सोडतात तसा.

त्यांनी विचारलं, "आन तुझं काय होल, बाबा?"

मी म्हणालो, तुम्ही नको म्हणाला होतात. चूक माझी आहे.

शुक्रवारी भरत कामावर गेला की त्या फोटो सोडतील.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

खिडकीतला उजेड आता दिसत नाही. खोली दिसते. लाल दिवा. हार. ती.

पंकजने विचारलं, सोमवारच्या विषयाला फोटो का नाही. विषय काय होता ते —

आईला फोन केला. सांगितलं नाही. तिने विचारलं, जेवलास का.

आज ती तीनदा दारात गेली. तीनदा.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वहीवर फूटपट्टी ठेवून लिहितो आहे. ओळ दिसत नाही.

भरत डबा घेऊन निघाला. म्हणजे नऊ.

तिने स्टूल लावलं. चेहरा जवळ आला, एवढा जवळ कधी नव्हता. डाव्या भुवईवर जुना व्रण आहे. तो मी दिलेला नाही. — मी दिलेला नाही.

खिळा सुटला. छप्पर. ओटा. मग आकाश. काखेत धरलं आहे, रस्ता आडवा दिसतो.

पूल. उतार. दगड.

९.२० घरातून निघाली. सांगून नाही. डोक्यावर पदर नाही

हे मी लिहिलं नाही. माझं नाव संदेश. धसईचा संदेश. माझं अक्षर उभं असतं —

जनाबाई, थांबू नका. सोडा.

पाणी. हिरवं. आधी काचेवर, मग आत.

ती वर उभी आहे. पाण्यातून वाकडी दिसते. पण दिसते. बंद होत नाही. मला वाटलं होतं बंद —

ती हसते आहे.

एकटी उभी आहे आणि हसते आहे. कोणाकडे बघून हस—